न केलेल्या कामाची टिक

ऑक्सफर्डशायर, इंग्लंड
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई व पप्पा यांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर चार वेळा सांगायला घेतलं. पण चिऊ मध्येच "मम्मी, माझा दात हलतो बघ" म्हणून मोबाईल ओढून घेते आणि माझा धीर जातो. म्हणून लिहायला बसले. आई, हे पत्र यांनाही वाचून दाखव, पण चिऊ झोपल्यावर.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना काही आठवत नाही आणि स्वतःहून कूस बदलता येत नाही. रात्री दर दोन तासांनी आम्ही दोघींनी मिळून त्यांना वळवायचं, टाचांखाली उशी सरकवायची आणि टॅबवर त्या वेळेपुढे टिक करायची. नगरला शिकत असताना आमच्या सिस्टर म्हणायच्या, बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, हा पेशंटचा आजार नाही, नर्सचा आहे. ते वाक्य मी इथे आल्यापासून कितीतरी जणींना ऐकवलं असेल.

वळवताना या आजी घाबरतात. आपल्याला कोणी ढकलतंय असं त्यांना वाटतं. मग त्या मारतात, ओरबाडतात. ऑगस्टच्या शेवटी माझ्या मनगटाला इतक्या जोरात चावल्या की दातांची खूण आठ दिवस गेली नाही. तुला फोनवर दिसली तेव्हा मी "दाराला लागलं" म्हणाले होते. ते खोटं होतं.

१२ सप्टेंबरच्या रात्री एक जण आजारी म्हणून आलीच नाही. अठ्ठावीस माणसांना आम्ही दोघी. एक खोली झाली की दुसरीची बेल, ती बंद करावी तर तिसरीची. आजींची दोनची आणि चारची वेळ चुकली. सकाळी पाळी सोपवण्याआधी सीनियर म्हणाली की टॅबवर एकही जागा रिकामी दिसता कामा नये. मी दोन्ही टिका केल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. आणि या वेळी मला कोणी सांगावंसुद्धा लागलं नाही, बोट आपोआप गेलं.

त्या दुसऱ्या पहाटे, रविवारी, आजींचे कपडे बदलताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबलं की कातडी क्षणभर पांढरी व्हायला हवी. झाली नाही. पुन्हा दाबलं. तांबूसच. आणि मध्यभागी नखाएवढी जागा ओली, साल गेल्यासारखी. त्या सकाळी आजी चावल्या नाहीत. माझी बाही मुठीत धरून पडून होत्या.

बेल वाजत होत्या हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. आदल्या रात्री चार वाजता दहा मिनिटं मोकळी मिळाली होती. मी चहा केला आणि पॅन्ट्रीत बसले. आजींची खोली तिथून सहा पावलांवर आहे. मनगटाकडे बघत मी मनात म्हणाले, राहू देत त्यांना तशाच. आई, हे मी अजून कोणालाच मराठीत सांगितलेलं नाही. इंग्रजीत सांगताना ते इतकं लागलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर कोटाच्या आत गणवेश तसाच ठेवून आठच्या उपासनेला गेले. या उपासनेला दहा-बारा जणच असतात, बहुतेक म्हातारी माणसं. पापकबुलीच्या प्रार्थनेत आपण जे केलं त्याची तर क्षमा मागतोच, जे करायचं राहिलं त्याचीही मागतो. लहानपणापासून मी ती न अडखळता म्हणत आले. त्या दिवशी "राहिलं" इथे आवाजच फुटेना. प्रभुभोजनाला सगळे पुढे गेले, मी बाकावरच बसून राहिले. वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असं प्रभूने सांगितलंय. पप्पा, हा उतारा तुम्ही मला पाठ करायला लावला होता, शब्बाथ शाळेच्या परीक्षेसाठी.

मी तशीच परत गेले आणि ड्युटीवरच्या इनचार्जला चार टिकांचं सांगितलं. दहा मिनिटांचंही सांगितलं. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

आता पुढचं. चौकशी चालू आहे. मला रात्रपाळीवरून काढून दिवसा कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवलंय, ओव्हरटाइम बंद. या महिन्यात वीस हजार कमी येतील. पप्पा, सोसायटीचा हप्ता आधी भरा, एजंटासाठी काढलेलं हातउसनं नंतर बघू. काम गेलं तर दुसरा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर परत यायचं. केअर वर्करची बाहेरून भरती २२ जुलैपासून बंद झाली आहे, म्हणजे एकदा परतले तर या कामासाठी पुन्हा येता यायचं नाही. आणि ११ मार्च २०२४ च्या नियमामुळे केअर वर्करला घरच्यांना आणता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. नर्स म्हणून नोंदणी झाली तरच चिऊला आणि यांना आणता येईल. माझी इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरात आहे. अभ्यास चालू आहे, पण वाचताना डोळ्यांपुढे ती ओली जागा येते.

आजींच्या मुलाला कळवलं. ते आले तेव्हा मी समोर जाऊन माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि आईशेजारी जाऊन बसले. जखमेला रोज ड्रेसिंग होतं. परवा पाहिलं, कडा गुलाबी झाल्या आहेत.

खरं दुःख वेगळंच आहे. त्या दोन्ही रात्री माझ्यासोबत झिंबाब्वेची एक ताई होती. मी फक्त माझ्याच टिका सांगितल्या. पण वळवायला दोघी लागतात, त्यामुळे तिचं नाव आपोआप आलं. तिची दोन मुलं तिच्या आईकडे आहेत, आपल्या चिऊसारखी. ती माझ्याहून जास्त प्रार्थना करणारी, भांडी विसळतानाही गीत म्हणणारी. कपडे बदलायच्या खोलीत ती मला म्हणाली, "तू आपला आत्मा धुऊन घेतलास आणि ते पाणी माझ्या अंगावर फेकलंस." तेव्हापासून बोलत नाही. मी सांगायला जाण्याआधी तिच्याकडे जायला हवं होतं. दोघींनी मिळून गेलो असतो. हे मला सुचलंच नाही, आणि ते का सुचलं नाही याचा विचार करत मी रात्री जागी असते.

पप्पा, तुम्ही दूध संकलनावर फॅट लिहायला होतात ते आठवतं. चेअरमनच्या माणसाचं साडेतीन फॅटचं दूध तुम्ही चार लिहिलं नाही आणि महिन्याभरात घरी बसलात. मंडळीत लोक तुमची साक्ष म्हणून ती गोष्ट सांगायचे. मला मात्र त्या संध्याकाळची आई आठवते. चुलीपुढे बसून भाकरी इतक्या जोरात थापत होती की परात वाजत होती. दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. आई, आता येत नाही. पीठ किती उरलंय हे तुला माहीत होतं.

गेल्या सोमवारी, २९ सप्टेंबरला, सुट्टी होती म्हणून बसने वॉन्टेजला गेले. १८८३ मध्ये याच तारखेला पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा त्या गावात झाला. रमाबाई डॉक्टरकी शिकायला आल्या होत्या, पण ऐकायला कमी येऊ लागलं आणि ते राहिलंच. सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या, त्यांचं अन्न खाल्लं, पण जे मनाला पटलं नाही ते पटलं म्हणून कधी कबूल केलं नाही. एका सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद चालायचा. आसऱ्याला असलेली एक तरुण विधवा, कडेवर पोर, परका देश, आणि तरी "हे मी मानत नाही" असं लिहायची. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. त्याच्याजवळच्या बाकावर बसून मी डबा खाल्ला. पप्पा, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आणलेली तुमची आजी रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जगली, म्हणून आपण आहोत. तिथे बसून मला तिचीच आठवण येत होती. काही मागितलं नाही, नुसती बसले.

आज इथे हंगामाची उपासना होती. वेदीपुढे टोमॅटोचे आणि बीन्सचे डबे, पास्त्याची पाकिटं, हे सगळं गरिबांच्या फूड बँकेला जातं. मी तांदळाची पिशवी ठेवली. आपल्या देवळातला लिलाव आठवला, ज्वारीची कणसं, पाय बांधलेली कोंबडी, आणि एकाच भोपळ्यावर तीन तीनदा लागलेली बोली. या वेळी आपल्या हंगामाच्या सणाला माझ्या नावाने मोठं काही चढवू नका. परसातला एखादा भोपळा चालेल.

आज प्रभुभोजनाला मी पुढे गेले. हात पुढे केले तेव्हा थरथरत होते. पाळकबाईंनी भाकर तळहातावर ठेवून क्षणभर आपला हात तसाच वर ठेवला.

२६ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे जातील. तुमची साडेआठची कौटुंबिक प्रार्थना माझ्याकडे आत्ता चारला असते, मग तीनला येईल. तेव्हा मी कामावर असेन, फोन लावू नका. पण प्रार्थनेत माझ्या आधी त्या ताईचं नाव घ्या. नाव इथे लिहीत नाही, "झिंबाब्वेची बहीण" म्हणा. तिच्यासाठी उद्या डब्यात आपल्या पद्धतीची शेंगदाण्याची चटणी नेणार आहे. शेंगदाणे तिच्याकडेही खूप खातात, तीच एकदा म्हणाली होती. घेईल की नाही कोण जाणे. नाही घेतली तर परवा पुन्हा नेईन.

यांना सांग, रागावू नका म्हणावं. रागावलात तरी फोन करा.

तुमची,
बेबी

ता. क. चिऊचा दात पडला की छपरावर टाकू नका. कागदात बांधून माझ्या ट्रंकेत ठेवा, मला बघायचाय.