पांडवलेण्यातलं सरळव्याज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिनानिमित्त आमच्या पंचवटीतल्या शाळेच्या गणिताच्या सरांबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

सरळव्याजाचा धडा आला तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला शहर बसने नाशिकजवळच्या डोंगरातल्या पांडवलेण्यांना, म्हणजे जुन्या बौद्ध लेण्यांना नेलं. पायऱ्या चढून सगळे दमलेले, डबे उघडायची घाई. सर थेट दहाव्या लेण्याच्या ओसरीत गेले आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं दाखवून हकिकत सांगू लागले. शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षूंना दिलं. त्यांच्या खर्चासाठी जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) ठेव ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची.

‘आता सांगा, पुरतील का?’

आम्ही तिथेच मांडी घालून वह्या काढल्या. वर्षाचं व्याज २४०. वीस बारे २४०. एकही नाणं कमी नाही की जास्त नाही! सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब आमच्या वहीत जुळला, तेव्हा आमच्याहून जास्त आनंद सरांना झाला होता. परतताना बसमध्येही ते दुसऱ्या ठेवीचं व्याज विचारत होते. (ते ९० येतं.)

मराठीच्या बाईंचाही उल्लेख करायलाच हवा. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की नदीपलीकडच्या मुलांना त्या स्वतः पुलापार सोडून येत. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी ज्यांना परवडत नसे, त्यांची त्या गुपचूप भरत. मी वाचायला लागलो तो त्यांच्यामुळेच.

हल्ली शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. मुलांनी मजा जरूर करावी. पण शहराच्या उंबरठ्यावर असा शिलालेख असताना नाशिकची मुलं तो न पाहता दहावी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. शाळांनी लेखाचा मराठी अर्थ आधी वर्गात वाचून घ्यावा, मग मुलांना त्या ओसरीत बसवून हिशेब करू द्यावा. कोणी नेणार असेल तर सोबत यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी,
पंचवटी, नाशिक