मोठा रेडिओ नको; तार, वेळू आणि टेकडीवरची जागा द्या

मराठवाड्यातील हौशी रेडिओचालकांच्या आमच्या मंडळातर्फे हे आवाहन. खांद्याच्या पिशवीत मावतील असे सहा मैदानी संच आम्ही जुळवत आहोत. प्रत्येकात पाच वॅटची हँडी, म्हणजे वॉकीटॉकीसारखा हातातला रेडिओ, आणि घडी होणारा यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना. त्यातल्या दोन संचांत शिवाय लघुलहरींचा (शॉर्टवेव्हचा) पाच वॅटचा छोटा रेडिओ, लांब तार आणि बॅटरी. रेडिओ सभासदांकडे आहेत. अडले आहे ते बाकीच्या सामानावाचून.

देणगी म्हटली की लोक आधी विचारतात, शंभर वॅटचा सेट घेऊन देऊ का? मनापासून आभार, पण नको. शंभरावरून पाच वॅटवर आले तर फरक १३ डेसिबलचा. ऐकणाऱ्याच्या रेडिओवरच्या सिग्नल मीटरचा काटा साधारण दोन अंक खाली येतो, एवढेच. शंभर वॅटला मात्र मोठी बॅटरी लागते, आणि ती डोंगरावर कोण नेणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक मंडळींनी संदेश पोचवले, हे या भागातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. तशा वेळी खांद्यावर नेता येईल तेवढाच रेडिओ कामाचा.

पहिली मागणी जागेची. दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, पल्ला उंची ठरवते. अँटेनाच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा. येतील तितके किलोमीटर रेडिओचे क्षितिज. रानात उभ्या माणसाची हँडी दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांत दहा. एक जण २०० मीटर उंच टेकडीवर गेला की ६३, दोघेही तशा टेकड्यांवर गेले की ११६. मधे तिसरा डोंगर आडवा नसावा. बालाघाटाच्या पठारावर मधोमध उभे राहून ही उंची मिळत नाही, कडेला यावे लागते. ज्यांचे शेत अशा कडेवर आहे त्यांनी सुगीनंतर एक-दोन रविवार बांधावर बसू द्यावे. दौलताबादच्या संरक्षित किल्ल्यावर तारा बांधता येत नाहीत, आणि म्हैसमाळला टीव्हीच्या टॉवरजवळ स्वस्तातली हँडी पार बहिरी होते. शेतात सोलर पंप असेल तर आधी सांगा. त्याचा कंट्रोलर लघुलहरींवर खरखर करतो.

यागीसाठी पोलादी मोजटेप हवेत, एक इंच रुंदीचे, आकडे पुसलेले असले तरी चालतील. चुंबक चिकटला तरच टेप उपयोगाचा. कापडी आणि फायबरचा नको. मागचा दांडा १०६ सेंटिमीटर, पुढचा ९०, मधल्याचे ४५.५ चे दोन तुकडे आणि त्यांच्यात अडीच सेंटिमीटर फट. मागचा ते मधला अंतर २०.५, मधला ते पुढचा ३२. एका यागीला तीन मीटर टेप, अर्धा इंची पीव्हीसी पाइप एक मीटर, दोन क्रॉस, एक टी आणि सहा होज क्लिप लागतात. मधल्या दोन तुकड्यांवर साडेबारा सेंटिमीटर तार यू आकारात वाकवून तिचा यू डाग (सोल्डर) देऊन जोडावा लागतो. तो विसरला तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याचे माप, खाली येत नाही आणि माणूस दांडे कापत बसतो. डाग देण्याआधी टेपचा रंग खरवडून लख्ख धातू दिसला पाहिजे.

हाच यागी आकाशाकडे धरला की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज येतो. २०२५ च्या जुलैत शुभांशू शुक्ला तिथून हॅम रेडिओवरच विद्यार्थ्यांशी बोलले होते. स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज लगेच पुन्हा प्रसारित करणारा रेडिओ, सुरू असेल तेव्हा १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लावून बोलायचे, ४३७.८०० वर ऐकायचे. स्थानक जवळ येताना ऐकण्याची फ्रीक्वेन्सी ४३७.८१० ठेवावी आणि पुढे पाच-पाच किलोहर्ट्झने ४३७.७९० पर्यंत उतरवावी; हे न केल्यास डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगाने फ्रीक्वेन्सी सरकल्यामुळे, शब्द तुटतात. स्थानक दहाएक मिनिटेच दिसते. तेवढ्यात नांदेडच्या हातातली हँडी कोलंबोपर्यंत पोचू शकते. मुलांना हे दाखवण्यासाठी शाळांनी मैदान द्यावे.

रेडिओ आणि अँटेना जोडायला आरजी-५८ जातीची केबल हवी. जुन्या कचेऱ्यांत संगणक जोडायला बीएनसी टोकांची काळी केबल असे, ती अजून कपाटात पडली असेल तर आमच्यासाठी सोने आहे. डिशची केबल आणू नका: ती ७५ ओहमची, आमच्या रेडिओशी न जुळणारी, वर तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर डाग बसत नाही. बारीक आरजी-१७४ दहा मीटर वापरली तर दोन मीटरच्या पट्ट्यात अर्धी शक्ती केबलमध्येच जिरते. हँडीच्या अँटेना लावायच्या छोट्या एसएमए सॉकेटवर यागीची केबल लोंबू दिली की सॉकेट निखळते, म्हणून मधे हातभर लवचिक तुकडा हवाच.

लघुलहरींसाठी २०.२ मीटरची एकच तार पुरते; ती ७ मेगाहर्ट्झवर अर्धी लहर, १४ वर दोन अर्ध्या. सकाळ-संध्याकाळ ७ वर महाराष्ट्र-कर्नाटक, दिवसा १४ वर देशाबाहेर. टोकाला ४३ नंबर फेराइटच्या कड्यावर ३ आणि २१ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले पिवळे कडे चालत नाही. ते लोहभुकटीचे असते. मोटार रिवाइंडिंगवाल्यांनी अर्धा मिलिमीटर वाइंडिंग वायरची उरलेली रिळे द्यावीत. ठिबकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे इन्सुलेटर म्हणून उत्तम. आमच्या काळ्या पाषाणात अर्थिंगची सळई शिरत नाही, शिरली तरी कोरडा मुरूम अर्थिंग देत नाही. म्हणून जमिनीवर विसंबून राहता येत नाही, अर्थिंगऐवजी ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला एक मीटरची तार जोडावी लागते. वेळू वाळलेले, हलके, दोन-दोन मीटरचे तुकडे. पीव्हीसीच्या नळीत बसवून सहा मीटर काठी होते आणि एसटीत नेता येते.

बॅटरीबद्दल स्पष्ट सांगतो. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी रेडिओला चालते, पण बाद झालेली देऊ नका. दोन ॲम्पिअर भार टाकल्याबरोबर ती ११ व्होल्टखाली बसते आणि बोलायला बटण दाबले की रेडिओ बंद पडतो. गाडीचा बल्ब लावून दहा मिनिटे बघा; मंदावला तर घरीच ठेवा. रोख देणग्या लिथियम लोहफॉस्फेट सेल, फेराइट कडी आणि कनेक्टर यांवरच खर्च होतील. ३.२ व्होल्ट ६ ॲम्पिअर-तासाचे चार सेल मालिकेत जोडले की एका संचाचा दिवस निघतो. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेडिओ द्यायचाच असेल तर परवानाधारकानेच, कागदपत्रांसह द्यावा. ऑनलाइन स्वस्तात घेतलेली, परवाना नसलेली हँडी आम्ही घेणार नाही. बारा वर्षांवरील कोणालाही परवान्याची परीक्षा देता येते. तयारी आम्ही फुकट करून घेतो. डाग देता येणारे आयटीआयचे विद्यार्थी आले तर काम निम्मे हलके होईल.

शेत देणाऱ्यांनी ११ केव्हीची लाइन कुठून जाते ते दाखवावे. तार किंवा काठी पडली तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही एवढे अंतर आम्ही ठेवतो. परतीच्या पावसाची वीज थांबल्याशिवाय कोणी टेकडीवर चढणार नाही. म्हणून सामान दसऱ्यापर्यंत आपल्या तालुक्यातल्या सभासदाकडे पोचवावे, टेप आणि केबल आधी. कापणी-जोडणीला तेच आधी लागते.