काडी खुपसलेलं बटण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाचे (४ ते १० मार्च) फोटो आपल्या दैनिकात पाहिले. शपथ, पोस्टर स्पर्धा, नवंकोरं हेल्मेट घातलेले साहेब. भोसरीच्या एमआयडीसीत एका प्रेसशॉपला (म्हणजे प्रेस मशीनने पत्रा दाबून नग काढायचा विभाग) ३१ वर्षं काढलेला माणूस म्हणून थोडं लिहितो.

आमच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा फलक होता. आकडा रोज खडूने बदलायचा आणि दोनशे झाले की सगळ्यांना मिठाईचा पुडा. एकशे ऐंशीच्या आसपास एका पोराचं बोट डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, चेमटलं. ईएसआयला (कामगार विम्याच्या दवाखान्यात) नेलं तर नोंद होणार, म्हणून मोटारसायकलवर मध्ये बसवून खासगी डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी पोरगा हाताला पट्टी बांधून टाइम ऑफिसच्या बाकावर हजर! कारखाने कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे जखमी कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला कळवावं लागायचं. हजेरीचं पंचिंग झालं, म्हणजे तो कामावर. पुढे मिठाई वाटली गेली, त्यानेही खाल्ली. मी त्याचा सुपरवायझर होतो आणि गप्प बसलो.

त्यानंतर माझ्या शिफ्टमधलं कुणी मला काही सांगेना. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, पडत नाही, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. एका बटणात काडी खुपसली की एका हाताने काम होतं आणि नग जास्त निघतात. कोणत्या मशीनवर काडी आहे हे चहावाल्यालाही ठाऊक असायचं. मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी संध्याकाळी फक्त नग विचारायचो.

शेजारच्या शिफ्टला आमचे अण्णा होते. एकदा एक नवा हेल्पर घाबरत त्यांच्याकडे आला. बटण एकदाच दाबलं, पण प्रेसने दोनदा स्ट्रोक मारला, म्हणाला. हात वाचला होता. माझ्या तोंडून पहिलं वाक्य ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ असंच निघालं असतं. अण्णांनी मेन स्विच बंद केला, त्याला चहा पाजला आणि मेंटेनन्सवाल्याला बोलावून त्या पोरासमोरच क्लच खोलायला लावला. आतली स्प्रिंग तुटलेली निघाली. त्या दिवशीचं टार्गेट बुडालं, अण्णांनी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. आठवडाभरात चार जण आपापल्या मशीनचं दुखणं घेऊन अण्णांकडे आले. माझ्याकडे एकही नाही. मशीन तीच, तिच्यावरचे संरक्षक गार्ड तेच.

भोपाळनंतर, कारखाने कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना धोक्याची शंका आली तर व्यवस्थापनाला आणि निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क मिळाला. पण उद्या गेटपास मिळेल की नाही याचीच ज्याला खात्री नाही, तो ठेकेदाराचा माणूस कुणाला काय कळवणार? हल्ली शॉपमध्ये परमनंट थोडे आणि कंत्राटी जास्त. सहा-सात महिन्यांत नोकरीला ब्रेक, की नवा चेहरा. सगळ्यांना हाक एकच, ‘ए हेल्पर’. प्रेसच्या गोंगाटात ‘ए हेल्पर, हात काढ’ म्हटलं तर चार जण वळून बघतात, आणि ज्याचा हात आत आहे तो बघतोच असं नाही.

खंडेनवमीला आम्ही त्याच प्रेसला हार घालायचो, बटणातली काडी तेवढ्यापुरती काढून.

सुरक्षा सप्ताह भरवणाऱ्यांकडे एक मागणी आहे. गेटवरच्या त्या फलकाशेजारी दुसरा लावा: या महिन्यात कामगारांनी किती वेळा मशीन थांबवायला लावलं. आणि मिठाई द्यायचीच तर त्या आकड्यावर द्या. नोकरीत असताना हे साहेबांपुढे बोलायची माझी छाती झाली नाही.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, चिंचवड