जबलपूरला हिंदी, मग नागपूरला मराठी का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे शासननिर्णय जून २०२५ च्या अखेरीस रद्द झाले, तरी राष्ट्र एकसंध राहण्यासाठी भाषा एकच हवी की नको, हा वाद काही शमलेला नाही. त्यात नागपूरचा अनुभव, विशेषतः येथील उच्च न्यायालयाच्या भाषेचा, फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

१९५६ पर्यंत हे शहर ज्या जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते, त्या राज्याने १९५० मध्येच कायदा करून हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा मानले होते. त्यामुळे येथील कोणाच्या राष्ट्रनिष्ठेत उणे आल्याचे ऐकिवात नाही. (‘काय करून राहिला?’ असे विचारणाऱ्या नागपूरकराच्या मराठीत हिंदी केव्हाच मुरलेली आहे. त्यासाठी शासननिर्णय लागला नव्हता.) उलट भाषा नाकारल्याने काय होते, ते शेजारी पाकिस्तानात दिसले. १९४८ मध्ये ढाक्यात जिनांनी उर्दू हीच राज्यभाषा असेल असे बजावले, १९५२ मध्ये तेथे बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले आणि १९७१ मध्ये तो देश दुभंगला. कारणे इतरही होती, पण ठिणगी भाषेची होती.

आपण हिंदी-मराठीवर भांडत असताना इंग्रजीची खुर्ची मात्र जागची हललेली नाही, आणि हे सर्वांत ठळकपणे दिसते ते उच्च न्यायालयात. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत जबलपूर आणि रायपूरही होते. १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली. मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयात १९७१ पासून हिंदीच्या वापराला मुभा मिळाली, आणि नागपूर खंडपीठाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते. छत्तीसगडने हिंदीची मागणी केली, तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळ, कन्नड, बंगाली, गुजराती यांच्या मागण्यांबरोबर तीही नाकारली. म्हणजे हा प्रश्न हिंदी विरुद्ध मराठी असा नाहीच.

राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या राजभाषेचा वापर अधिकृत करता येतो. सरन्यायाधीशांचे मत घेण्याची अट घटनेत नाही. ती १९६५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ठरवली. महाराष्ट्रात १९९८ पासून दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. काटोलच्या संत्राबागायतदाराची साक्ष मराठीत होते, उलटतपासणी मराठीत होते आणि प्रकरण अपिलात गेले, की स्वतःच्याच तोंडच्या शब्दांचे इंग्रजी भाषांतर त्याला पदरचे पैसे देऊन करून घ्यावे लागते. पुढे निकाल लागतो, तोही वकिलाने समजावून सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

बदलीवर येणारे न्यायमूर्ती मराठी जाणणारे असतीलच असे नाही, ही अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. मराठीत कायद्याची परिभाषा नाही, ही सबब मात्र मला पटत नाही. कोशकार डॉ. रघुवीर यांनी याच नागपुरात संस्कृत धातूंवरून हजारो शासकीय संज्ञा घडवल्या. त्यांतील अनेक कोशातच राहिल्या, कारण शब्द वापराने रुळतो, अध्यादेशाने नव्हे. पण दिवाणी, फौजदारी, फिर्याद, जामीन, वकालतनामा, तारीख हे शब्द कोणी घडवायला हवे आहेत का? ते फारसी-अरबीतून आले, मराठी दप्तरांत मुरले आणि आज अंगठाबहाद्दर पक्षकारालाही कळतात.

राज्य मंत्रिमंडळाने कलम ३४८ खालील प्रस्ताव राज्यपालांमार्फत पाठवावा. तूर्त दोनच गोष्टी मागाव्यात: स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या पक्षकाराला मराठीत बोलण्याची मुभा, आणि प्रत्येक निकालपत्राची प्रमाणित मराठी प्रत, तीही विनामूल्य.

आपला,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर