लाईट गेली नव्हती

पुणे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंद्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. अप्पांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी फोन हातात घेतला होता. मग ऑफिसचा कॉल आला, मग दुपार गेली, आणि संध्याकाळी केला तर सकाळी का नाही केला ते सांगावं लागेल म्हणून केलाच नाही. दुसऱ्या दिवशी तर आणखी अवघड. असे दोन महिने गेले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. सावंत सरांची भूमितीची वही अजून माझ्याकडेच आहे.

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. माझी शुगर काठावर आहे म्हणून अनघाने गोडाचे डबे लपवलेत, आणि ते कुठे आहेत हे मला माहीत आहे. झालं.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू पहिल्याच मिनिटाला हसला असतास, मग मीही हसलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. अनघाला सांगून उपयोग नाही. तिच्या लेखी गेम उडाला म्हणजे गेम उडाला, दुसरा टाक. बंड्या गेला तेव्हा माझं काय झालं होतं ते पाहिलेला माणूस जगात एकच आहे, आणि बंड्याला घालवणाराही तोच.

ओवीचं घर मी पुसलं.

ते माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधलं घर. गणपतीत आला होतास तेव्हा तिने तुला पाऊण तास फिरवून दाखवलं होतं तेच. तुमच्याकडे यंदा गणपती नव्हता म्हणून आलास आणि उकडीचे अकरा मोदक खाऊन टॅबसमोर बसलास. न्हाणीघराचं दार उघडं टाकलंस, तो हिरवा क्रीपर, जवळ येऊन फुटणारा राक्षस, आत आला आणि अर्धं न्हाणीघर घेऊन गेला. तुला तो विनोद वाटला. तिला पुढचे दोन दिवस भिंत बांधावी लागली.

पण ते घर म्हणजे काय होतं हे तुला त्या दिवशी मी सांगितलं नाही. लांज्याचं आमचं घर हायवेच्या चौपदरीकरणात गेलं हे तुला माहीत आहे. ओवी तेव्हा पाच वर्षांची. तिला त्या घरातलं फक्त खळं आठवतं, आणि खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवर पाय दिला म्हणून बसलेला धपाटा. बाकीचं तिने आईला विचारून विचारून उभं केलं. दोन वर्षं रोज संध्याकाळी फोन. आजी, पडवीला खांब किती? आजी, माजघरातून माडीवर जायचा जिना डाव्या हाताला का उजव्या? माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आई सांगणार हातात आणि वितीत, ही पट्टी घेऊन बसणार. भागाकारात कच्ची म्हणून शाळेतून चिठ्ठी येते त्या पोरीने आईचे हात मीटरमध्ये बसवले.

कौलांसाठी तिने नदीतली चिकणमाती खणून भट्टीत भाजली, विटा केल्या, विटांच्या पायऱ्या केल्या आणि त्या उतरत्या लावून छप्पर केलं. विकत नाही, चीट नाही. रात्री झाँबी येतात, तेव्हा खाणीत लपायचं आणि उजाडलं की पुन्हा माती. त्या गेममध्ये माड नाही, पोफळ नाही. तिने जंगलातल्या झाडाचे ओंडके उभे रचून वर पानं लावली आणि आईला म्हणाली, हे माड समज. आई म्हणाली, समजले, पण विहिरीच्या एवढा जवळ नको लावू, मुळं शिरतील. तिने माड हलवला.

आणि तुळस. विटांचं वृंदावन, वर नेच्याचं रोप. आई विचारायची, दिवा लावलास का गं? ही तिथे मशाल लावायची. मग एकदा हिने आजीला सांगितलं की गेममधला आख्खा दिवस वीस मिनिटांचा असतो. आई गप्पच झाली. मग म्हणाली, म्हणजे तासाला तीन वेळा तिन्हीसांजा? तुमच्याकडच्या सुना मेल्या दिवे लावता लावता.

तर हे सगळं मी पाच सेकंदांत पुसलं.

झालं असं की सहामाहीच्या आधीच्या चाचणीत तिला गणितात वीसपैकी नऊ. त्याच दिवशी माझी ऑफिसात एकाशी जुंपली होती, तो किस्सा नंतर. घरी आलो तर ही टॅब घेऊन पालथी. मी टॅब ओढला, चिन्हावर बोट दाबून धरलं, अनइन्स्टॉल. ‘खात्री आहे का?’ असं त्याने विचारलं. मला खात्री होती. अकाउंट तिच्या नावाचं आहे, परीक्षा संपली की पुन्हा टाकू, सगळं जिथल्या तिथे येईल.

मंद्या, मी! माझ्या एल्डन रिंग गेमच्या सेव्हच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक कपाटात पेनड्राइव्हवर आहे, अनघाच्या दागिन्यांच्या डबीत. टॅबवर केलेलं जग टॅबमध्येच राहतं, अकाउंटवर फक्त विकत घेतलेल्या वस्तू असतात आणि ॲप काढलं की जग त्याच्याबरोबर जातं, हे मला माहीत असायला हवं होतं. खरं सांगायचं तर माहीत होतं. कुठेतरी वाचलेलं होतं. रागाच्या भरात बापाला आठवत नाही.

परीक्षा संपल्यावर मी मोठ्या तोऱ्यात गेम परत टाकला. ती बाजूला बसली होती. यादी उघडली तर रिकामी. नवीन जग तयार करा, एवढं एकच बटण. ती म्हणाली, बाबा, घर?

आणि मी म्हणालो, टॅब जुना झालाय गं, मेमरी उडाली असेल.

तोंडातून कसं गेलं कळलं नाही. तिने विचारलं, मेमरी उडते म्हणजे जाते कुठे? याला काय उत्तर देणार? रडली नाही. रडली असती तर मी त्याच क्षणी कबूल केलं असतं असं मला वाटतं, पण मला हल्ली माझ्याबद्दल काहीही वाटतं.

इथे थांबून तुझं जुनं प्रकरण काढतो, कारण हे सगळं लिहिताना तेच डोळ्यांसमोर आहे.

१४ मार्च २००१, बुधवार. आपल्या शाळेत दहावीचं सेंटर, म्हणून नववीला सुट्टी. प्लेस्टेशन तुझं (मस्कतच्या मामाचं), टीव्ही अप्पांचा, मेमरी कार्ड माझं. पंधरा ब्लॉक, त्यातले दहा माझे आणि पाच तुझे, असा वहीत लेखी करार, साक्षीदार पिंट्या. फायनल फँटसी सेव्हनची एकसष्ट तासांची सेव्ह. इंग्रजी आपण त्या गेममध्ये शिकलो आणि त्यातल्या चुकांसकट शिकलो. ‘धिस गाय आर सिक’ हे वाक्य तू सावंत सरांना आजारपणाच्या अर्जात लिहून दिलंस. त्या गेममधली एरिस मेली तेव्हा आपण दोघे तुमच्या गच्चीवर जाऊन बसलो होतो. सायबर कॅफेतल्या त्या दात पुढे असलेल्या पोराने सांगितलं की तिला परत जिवंत करता येतं, आणि आपण आख्खी मे महिन्याची सुट्टी त्या देवळात वेड्यासारखे फिरलो. तिला जिवंत करता येत नव्हतं. जगभरची पोरं तेच शोधत फिरली होती हे नंतर कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. २०२० साली नवा रीमेक आला, २०२४ मध्ये दुसरा भाग आला. तो मी घेतला, आणि त्या देवळाच्या अलीकडे नेऊन सोडून दिला. एकट्याने पुढे जायचं मनात नाही.

आणि बंड्या. सोनेरी चोकोबो, त्या गेममधला स्वारीचा मोठा पक्षी. नावाला सहाच अक्षरं मिळायची आणि बंड्या इंग्रजीत बरोब्बर सहा अक्षरांत बसला, यावर आपण किती खूश झालो होतो. काळा चोकोबो, मग त्या बेटावरच्या गॉब्लिनकडून चोरलेला झिओ नट, मग शर्यती जिंकत बसायचं, मग कुठे तो पैदा झाला. समुद्र ओलांडून नकाशाच्या कोपऱ्यातल्या बेटावर नेणारा आणि ते तेरा सरदार मिळवून देणारा आपला बंड्या.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर येऊन तू म्हणालास, सेव्ह करत होतो आणि लाईट गेली, कार्डच करप्ट झालं.

मंद्या, त्या दिवशी इडन गार्डन्सवर लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर आउट झाले नाहीत. सकाळी २५४ ला चार होते, संध्याकाळी ५८९ ला चार. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मी टीव्हीसमोरून हललो नाही, जेवणाचं ताटही तिथेच. तुझ्या आणि माझ्या घराची डीपी एक. लाईट एकदाही गेली नाही.

हे मला तेव्हाच माहीत होतं. मी सहा आठवडे तुझ्याशी बोललो नाही ते बंड्यासाठी नव्हे, लाईटसाठी. मग तुझ्या बहिणीचा साखरपुडा आला, आपल्याला खुर्च्या लावायला एकत्र जुंपलं, आणि ते तसंच राहिलं. चोवीस वर्षं मी काढलं नाही. आत्ताही भांडायला काढत नाही. मला फक्त हे विचारायचं आहे की तुला त्या रात्री झोप लागली होती का? आणि पुढे कधी, म्हणजे आपण बारावीत असताना किंवा तुझ्या लग्नात, सांगून टाकावं असं वाटलं होतं का, की काही दिवसांनी ते आपोआप खरं वाटायला लागतं? कारण मला परवा एक क्षण असं वाटलं की टॅब खरंच जुना आहे.

आता सगळ्यात वाईट भाग. भाऊबीजेला तिला पाचशे रुपये मिळाले. ती म्हणाली, आपण रिपेअरवाल्याकडे जाऊ, मी पैसे देते. मी टाळाटाळ केली, अनघा म्हणाली, जा की, पोर एवढं म्हणतेय. गेलो. कोपऱ्यावरचं छोटं दुकान, काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, समोर उघडलेले पाच-सहा फोन. ओवीने त्याला सगळं नीट सांगितलं, मेमरी उडालीय, माझं घर होतं त्यात. त्याने टॅब घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, ॲप कोणी काढलं होतं का? ओवी म्हणाली, हो, बाबांनी परीक्षेसाठी, पण नंतर परत टाकलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग तिला म्हणाला, होतं असं कधीकधी, जुन्या टॅबला. पैसे घेतले नाहीत.

अनोळखी पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला रे. आणि परत येताना ओवी म्हणाली, किती चांगला होता ना तो, पैसेपण नाही घेतले.

आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणजे मी नाही, आणि गंमत म्हणजे ओवीनेही नाही. आई रोज विचारते, दिवा लावलास का, आणि ही म्हणते, हो. तिच्याकडे गेम आहे पण घर नाही, तरी ‘हो’ म्हणते. ती आजीला सांभाळून घेतेय की तिला माझ्याबद्दल कळलंय आणि ती मलाच सांभाळून घेतेय, याचा विचार करत मी रात्री दोनपर्यंत जागा असतो. अनघाला वाटतं शुगरमुळे.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. त्या दिवशी तू मोबाइलवर व्हिडिओ काढत होतास, क्रीपर फुटला तेव्हा तुझा ‘आयला’ त्यात नक्की असणार. तो शोध. मधे तू तिला विचारलं होतंस की हे डोंगर कोणी केले, आणि तिने सेटिंग उघडून सीडचा लांबलचक आकडा दाखवला होता. तो आकडा व्हिडिओत दिसत असेल तर लिहून पाठव. तोच आकडा टाकून नवीन जग केलं की डोंगर, नदी, घरामागची ती वाकडी टेकडी सगळं जसंच्या तसं उगवतं. घर तेवढं नसणार. मोकळी जागा असेल, जशी लांज्याला आता आहे, फक्त रस्त्याशिवाय.

आकडा मिळाला तर आधी तिला सांगायचं आणि मग आकडा द्यायचा, की आकडा देऊन मग सांगायचं, हे मला ठरवता येत नाहीये. आधी आकडा दिला तर ती लाच होईल. नंतर दिला तर पुन्हा लाचच, फक्त उशिरा पोचलेली. तू काय केलं असतंस हे विचारणार होतो, पण तू काय केलंस ते मला माहीतच आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, माझं व्हॉट्सॲप टॅबवरही उघडतं. मेल कर.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? कीर्तीची बदली टळली असं पिंट्याकडून कळलं, बरं झालं. काकूंना बेंगळुरू मानवतंय का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि वर्षश्राद्धाचं माझ्या वतीने काहीतरी बोल, तुला जमतं.

तुझा,
सच्या

ता. क. आत्ता ओवी डोकावून गेली. कोणाला एवढं लिहितोयस म्हणून विचारलं. मंद्याकाकाला म्हटलं. म्हणाली, त्याला सांग, न्हाणीघराचं दार त्याच्याकडून अजून यायचंय.