मधपेटीची खरी कसोटी पावसाळ्यात

महोदय,

पुण्यात गच्चीवर किंवा शेतावर मधपेटी ठेवणाऱ्यांपैकी काहीजण परदेशी माहिती वाचून थंडीत पेट्यांना गोणपाट गुंडाळतात. ती युक्ती बर्फाच्या प्रदेशातली. तिथे माश्या महिनोन्‌महिने पोळ्यावर एकमेकींना बिलगून बसतात, म्हणून थंडीआधीच दोन भाग साखर, एक भाग पाणी असा दाट पाक देऊन साठा भरून घ्यावा लागतो. पातळ पाकातले पाणी त्यांना गारठ्यात उडवता येत नाही. तिथेही नुसत्या थंडीपेक्षा झाकणाखाली साचून टपकणारी वाफ जास्त घातक.

आपल्याकडे हिवाळ्यात दिवसा ऊन असते, माश्या बाहेर पडतात. उपासमार होते ती जून ते सप्टेंबर. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी, तर अन्न संपले की पेटी सोडून सरळ निघून जाते. म्हणून पावसाळ्यात साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन गार केलेला पाक द्यावा, तोही संध्याकाळी, पेटीच्या आत. दिवसा सांडला तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. ज्यांवर माश्या बसत नाहीत अशी रिकामी पोळी काढून टाकावीत, नाहीतर त्यांत मेणकिडा, म्हणजे पोळी पोखरणारी अळी, शिरतो. दार लहान करावे, पेटी पुढे किंचित कललेली ठेवावी, पेटीखालच्या घोडीचे (स्टँडचे) पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांवर हा स्वस्त उपाय आहे.

आणि हो, पावसाळ्याआधी शेवटचा मध काढताना सगळा ओरबाडू नये, परागकण साठवलेली पोळीही राहू द्यावीत. साखरेत परागकण नसतात; पण पिलावा (अंडी-अळ्या) वाढवायला माश्यांना ते लागतातच.

— एक मधपाळ, पुणे