तांदळाच्या डब्यातले पैसे

नाशिक, गंगापूर रोड
२१ सप्टेंबर, रात्री साडेअकरा

प्रिय मंगे,

पाच महिने झाले, तुला ना पत्र ना फोन. तुझे दोन मिस्ड कॉल अजून तसेच आहेत. रागावली असशील तर रागाव, पण आधी वाच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

आज पाड्यावर गेले होते. मावशींनी चहा दिला, मग आतून तांदळाचा डबा आणून माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, हात घाल. मी कोपरापर्यंत हात घातला. खाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर नोटा. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, एक पाचशेची, आणि कापडाच्या पुरचुंडीत नाणी. ओसरीवर बसून दोघींनी मोजले. अकरा हजार चारशे वीस. "शिबिराचे," एवढंच म्हणाल्या आणि डबा झाकून आत गेल्या.

मंगे, परतीच्या एसटीत सावळघाट उतरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. हे मला दुसऱ्या कुणाला सांगताच येत नाही. संस्थेतल्या नानांना सांगितलं तर म्हणाले, "छान, जमा करून घ्या."

परदेशी पोरं पाड्यावर येऊन गावाबरोबर श्रमदान करतात, त्या आपल्या शिबिरांतलं २०११ चं पहिलं आठवतं ना? तू हट्ट धरून बसली होतीस की गावाने काहीतरी घातल्याशिवाय एकही पाहुणा आणायचा नाही. मूठभर वरई चालेल, घरटी एक रुपया चालेल, पण गावाचं हवं. आणि मी तुझ्यावर सीबीएस बसस्थानकावर, चारचौघांत ओरडले होते की ज्यांच्या घरात जूननंतर धान्य नसतं त्यांच्याकडून वर्गणी मागायला लाज वाटत नाही का. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हा मला माझंच खरं वाटत होतं. आज डब्यात हात घातल्यावर तू काय म्हणत होतीस ते कळलं. आपण वर्गणी मागत होतो असं मी धरून चालले होते. तू त्यांना मालक करत होतीस.

आता खरं काय अडलंय ते सांगते. ते लांब आहे, चहा करून घे.

एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या परवानगीची, आपली पाच वर्षांची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज मी उशिरा केला. ऑडिटची एक सही राहिली होती, मी आज करू उद्या करू करत बसले. चूक माझी आहे. उत्तर येईपर्यंत बाहेरचा एक पैसा घ्यायचा नाही, असं सीएंनी बजावलंय. शिबिराला पोरं पाठवणाऱ्या जर्मनीच्या मंडळींनी शिबिराचा अर्धा खर्च, एक लाख वीस हजार, बाजूला काढून ठेवलाय आणि तो तिकडेच पडून आहे. पूर्वी निदान नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत आणता यायचं, तूच दोनदा तसं केलं होतंस. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला देताच येत नाही. पैसे उतरणार फक्त दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. हिशेब चोख हवा हे मला मान्यच आहे गं. पण आपल्या कामात समन्वयकाचा पगार, त्याचा एसटीचा पास, त्याचा फोन हेच तर काम असतं. धरण बांधणाऱ्याचं सिमेंट दिसतं. आपण माणसं एकमेकांच्या ओळखीची करतो, त्याचं बिल कशाखाली लावू?

मग म्हटलं, नाशिकचा पैसा नाशिकमध्ये शोधू. सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत गेले. नाव लिहीत नाही. कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, करसवलतीचे १२ए आणि ८०जी, तीन वर्षांचे ताळेबंद, सगळं फाइलला लावून. तिथला मुलगा तरुण होता, सभ्य होता, त्याने खरंच ऐकून घेतलं. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के त्यांना खर्च करावेच लागतात, २०१४ पासून कायदाच आहे. विमानाच्या तिकिटाला तो पैसा मी मागतच नव्हते, बंधारा आणि पाड्यावरची विहीर एवढंच मागत होते. त्याने विचारलं, बोर्ड किती फुटांचा लावता येईल? मी म्हटलं, वनराई बंधारा आहे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओहोळाला आडवा घालतो. जूनच्या पहिल्या दोन पुरांत वाहून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, टिकणारं काहीतरी द्या ना." पावसाळ्यात इतका पाऊस की घराबाहेर पडता येत नाही आणि मार्चपासून हंडा घेऊन डोंगर उतरायचा, हे पेठ तालुक्याचं गणित त्याला कसं सांगू? त्या गोण्यांमुळे विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जे काही आठवडे पुढे जातं, ते मावशींच्या कमरेला कळतं. त्याचं उद्घाटन होत नाही.

उठताना त्याने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. "आपल्या जिल्ह्यात तरुण पोरं कमी आहेत का? गोण्या भरायला परदेशातून कशाला?"

मला तिथे उत्तर देता आलं नाही. उत्तर सुचलं ते त्र्यंबक नाक्यावर, रिक्षात. गोण्या भरायला नकोच आहेत ती पोरं. फावडं कसं धरायचं हे पाड्यावरची दहा वर्षांची मुलगी त्यांना शिकवते. पण वरची वाडी आणि खालचा पाडा एका ओळीत उभे राहून गोण्या पुढे देतायत, हे आपण दोघींनी कधी पाहिलं? पाहुणे आले तेव्हा. पाहुणा आपल्याच घरी उतरावा म्हणून दोन्हीकडची माणसं एका बैठकीत आली, तेव्हा. तू शेकोटीपाशी दर वर्षी सांगायचीस ना, १९२० साली व्हर्दंजवळच्या त्या उद्ध्वस्त फ्रेंच गावात स्विस इंजिनिअर सेरेसोलने पहिलं शिबिर घेतलं आणि घरं उभारायला आलेल्यांत जर्मनही होते. पहिल्या महायुद्धात चार वर्षं एकमेकांवर तोफा डागल्यावर! आणि १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तोच माणूस इकडे आला. तू ती गोष्ट अशी रंगवायचीस की वाटावं, सेरेसोल कोटंबीच्या घाटातूनच चालत आला. हेच मी त्या मुलाला सांगायला हवं होतं. पुन्हा जाणार आहे त्याच्याकडे.

आता मुख्य गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी एक पत्र आलंय. परदेशातली एक कंपनी आहे, स्वयंसेवक 'पाठवते'. वर्षाला चाळीस मुलं, प्रत्येकी दोन आठवडे. माणशी आठवड्याला नऊ हजार आपल्याला. मंगे, सात लाख वीस हजार होतात. एफसीआरएची कटकटच नाही म्हणे, त्यांची इथली पर्यटन कंपनी रुपयांत बिल चुकतं करेल. बदल्यात एकच अट. मुलं रोज लहान मुलांबरोबर हवीत. आश्रमशाळा, वसतिगृह, काहीही चालेल. गोण्या नकोत, शेत नको. 'बालकांचा सहवास' हवा.

मी ते पत्र सीएंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, हे घेतलंत तर तुम्ही संस्था नाही, लॉज चालवाल." नाना मात्र पूर्णपणे त्या बाजूचे आहेत. त्यांचंही चुकतं असं म्हणवत नाही. दोन वर्षं त्यांनी कार्यालयाचं भाडं स्वतःच्या पेन्शनमधून भरलंय.

पण तो मुलगा आठवतो का गं? दुसऱ्या वर्षीचा, वसतिगृहातला, निळ्या स्वेटरचा. ती उंच मुलगी तीन आठवडे त्याला कडेवर घेऊन फिरली, गेली, आणि तो रोज दुपारी चारच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभा राहायचा. गाडीतून माणसं उतरायची, तो एकेकाकडे बघायचा, गाडी गेली की धुळीत बसायचा. सव्वा महिना. कंडक्टर त्याला शेंगदाणे द्यायचा. त्यानंतर तू आणि मी, एकदाच न भांडता, ठरवलं की वसतिगृहात पाहुणे न्यायचे नाहीत. देणगीदारांना तेच फोटो आवडायचे, तरी नाही. सात लाखांचं पत्र वाचताना मला तो फाटाच दिसतो. तरी खोटं बोलत नाही, ते पत्र मी फाडलेलं नाही. ड्रॉवरमध्ये आहे. रोज रात्री एकदा आकडेमोड करते.

शिबिराला लागतात दोन लाख चाळीस हजार. किराणा, गोण्या, औषधं, प्रवास, समन्वयक. हातात किती आहेत सांगू? ती वेल्टवेर्ट्सवाली मुलगी आठवते? जर्मन सरकारची २००८ पासूनची ती योजना, बराचसा खर्च सरकार देतं आणि उरलेल्यासाठी पाठवणारी संस्था मुलांना आपला देणगीदारांचा गोतावळा उभा करायला सांगते. तिने चाळीस पत्रं हाताने लिहिली होती. आत्या, बेकरीवाला, शाळेतली बाई, शेजारी. कुणी महिन्याला पाच युरो, कुणी दहा, आणि प्रत्येकाला ती दर दोन महिन्यांनी इथून पत्र पाठवायची. मी तिची नक्कल केली. कॉलेज रोड, महात्मानगर, इंदिरानगर, जुने विद्यार्थी, आईची भजनी मंडळी, सगळ्यांना पत्रं लिहिली. ४३ जण महिन्याला दोनशे देतात. सहा महिन्यांत ५१,६०० झाले. एका बाईंनी लिहिलंय, "पैसे देते, पण पत्र थांबवू नका." भजनी मंडळाला आता वरई आणि नागलीतला फरक कळतो. हे काम मला मनापासून आवडलं, मंगे. बड्या कंपनीपुढे बसताना पोटात गोळा येतो, तसा इथे येत नाही.

त्यात डब्यातले ११,४२० धर. ६३,०२० झाले. अंबडच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी ताडपत्र्या आणि पाचशे रिकाम्या गोण्या देऊ केल्यात. जमवायचे उरले एक लाख सत्त्याहत्तर हजार, वीस रुपये कमी.

जर्मन मंडळींशीही एक तिढा आहे. त्यांना शिबिर ५ डिसेंबरला सुरू व्हायला हवंय, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक दिन म्हणून. गाव म्हणतं, तोवर पाडा रिकामा. दिवाळी झाली की माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, मागे म्हाताऱ्या आणि लेकरं. दिवाळीनंतर आठवड्यात उरकायला हवं. आणि त्यांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टला, म्हणजे आपल्या भाताच्या आवणीच्या तोंडावर. मी लिहिलंय त्यांना, की पुढच्या वर्षी आवणीलाच या, गुडघाभर चिखलात, तेव्हा हात कमी पडतात. बंधाऱ्याला मात्र तारीख गावाची. आणि अजून एक लिहिलंय, जरा कडक. इतक्या वर्षांत त्यांची सत्तरेक मुलं आपल्याकडे आली, आपली चारच तिकडे गेली. मागच्या वर्षी आपल्या पोराचा व्हिसा नाकारला, बँकेत शिल्लक नाही म्हणून. भागीदारी म्हणायची तर पुढच्या करारात आपल्या दोन मुलांची तिकिटं आणि व्हिसाच्या कागदांची जबाबदारी त्यांनी घ्यावी, तीही पैसे इकडे न पाठवता, तिथेच खर्च करून. उत्तर यायचंय. जास्त बोलले का मी?

यंदा पाहुणे सहाच येतील, स्वतःच्या तिकिटाने. महिन्याच्या आतलं, बिनपैशाचं स्वयंसेवी काम पर्यटन व्हिसावर चालतं, तेवढं बघून घेतलंय. परदेशी पाहुणा आल्याची सरकारी नोंद चोवीस तासांत ऑनलाइन भरायची म्हणजे पुन्हा मी रात्री टाकीवर चढून रेंज शोधणार. मागे तू चढली होतीस आणि चप्पल टाकीत पडली होती. गाव अजून त्याला 'मंगलताईंचं पाणी' म्हणतं.

तुझं कसं चाललंय? छोटीची बारावी ना यंदा? तिला ओरडू नकोस. सासऱ्यांचं पाय घसरल्याचं कळलं, प्लास्टर निघालं का? कोल्हापूरची बदली कायम झाली म्हणजे तू आता पक्की तिकडची, मिसळीवरून तुझ्याशी भांडायची सोय राहिली नाही.

रविवारी विश्वस्तांची बैठक आहे. मी त्या सात लाखांना नाही म्हणणार आहे. नानांसमोर, शांतपणे. त्याआधी एक काम कर. २०११ चा तो पहिला करार, दोन रेघी वहीच्या पानावरचा, तुझ्या ट्रंकेत आहे. गावाने काय द्यायचं, पाहुण्याने काय द्यायचं, आपण काय द्यायचं, असे तीन रकाने तूच पाडले होतेस. त्याचा फोटो काढून शनिवारच्या आत पाठव. मागची, अंगठ्याच्या ठशांची बाजूही हवी. बैठकीत तेच पान सगळ्यांच्या हातात देणार आहे.

जमलं तर शिबिराला ये. नाही जमलं तरी ये.

तुझीच,
सुमी

ता. क. मावशींना पावती द्यायचीच आहे. कुणाच्या नावाने करू विचारलं तर म्हणाल्या, "पाड्याच्या." पावतीपुस्तकात पॅनचा रकाना आहे. तू बँकेतली, तूच सांग काय लिहू.